टपोरे दाणे

प्रयोगशाळेत जेलच्या थरावर डीएनएच्या पट्ट्या उमटल्या आणि भाचीने त्या पुन्हा एकदा मोजल्या. मामाच्या घेवड्याच्या डीएनएमधल्या बारा खुणा तिने तपासल्या होत्या, आणि बाराही बाजारातल्या घेवड्याशी हुबेहूब जुळत होत्या!

"मग जुनी वाणं जपणाऱ्या बीजपेढीत नाही घेता येणार," प्रयोगशाळेच्या बाई हळूच म्हणाल्या. "वेगळ्या वाणालाच जागा. यादी महिनाअखेर बंद."

चाळीस वर्षं जपलेला घेवडा. आता मामाचे हात थरथरत. यंदाची पेरणी शेवटची, हे त्यालाही कळत होतं. घेवडा बाजारातलाच निघाला, हे त्याला सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?

"बोल की. मिठाची गुळणी धरलीस का?" ती त्याच्या घरी जाऊन बसली तेव्हा मामाने विचारलं.

तिने सांगितलं.  मामा पुटपुटला, "एकेक दाणा निवडून पाठवला होता गं. टपोरे, पांढरेशुभ्र."

"निवडून?"

"मग? तुझ्या बाईंपुढे ठिपक्यांचे खुरटे दाणे ठेवू? नाक कापलं असतं माझं!"

"आजीने दिलेले दाणे कसे होते, मामा?"

"ठिपक्यांचेच. एका वर्षी पीक बुडालं, तेव्हा बाजारातले मूठभर मिसळून पेरले..." मामा अडखळला. मिसळलेले टपोरे दाणे त्याने दरवर्षी हौसेने बियाण्याला निवडले होते, आणि त्यांच्यात चुकून पेरले जाणारे आईचे ठिपक्यांचे दाणे घरी शिजत होते. इतकी वर्षं!

भाचीलाही स्वतःचा राग आला. पाकिटातले दाणे इतके एकसारखे कसे, ही शंका तिला यायला हवी होती. उलट तिने कौतुकच केलं होतं.

"मामी, ठिपक्यांचे आहेत ना थोडे?"

मामी स्वयंपाकघराच्या दारात थबकली. "कालच संपवले गं. मला काय माहीत?"

तिघांनी मिळून घेवड्याचा डबा उपडा केला, ठोकला, बुडाच्या खाचेत सुई घातली. नऊ दाणे निघाले. दोन किडके.

उरलेले सात तिने प्रयोगशाळेत कुंड्यांत लावले. पाच उगवले. तिने एकेका रोपाचं इवलंसं पान खुडलं. या खेपेला बारापैकी सात ठिकाणी पट्ट्या बाजारातल्या घेवड्यापेक्षा भलतीकडेच उमटल्या. बाईंनी बीजपेढीच्या यादीत ओळ वाढवली.

तिने लगेच फोन लावला. "मामा, वेगळा आहे! तुझा घेवडा वेगळाच आहे!"

पलीकडून मामाने आधी रोपांचंच विचारलं.

"पाचच ना?"

"पाच."

"पाणी बेताने घाल त्यांना," मामा म्हणाला. "आईचा घेवडा आहे तो. मुळं लगेच कुजतात."