दाबलं की गप्प

आत्याची अट सरळ होती. रविवारी सकाळी अकरा ते बारा ती माझ्या खोलीत बसणार आणि मी वाजवणार. डोकं दुखलं तर यंत्र भंगारवाल्याकडे. नाही दुखलं तर राहील. घर तिचं, डोकंही तिचं, त्यामुळे चर्चेला जागा नव्हती.

यंत्र म्हणजे माझ्याहून वीस वर्षांनी मोठा अॅनालॉग सिंथेसायझर, एका बंद पडलेल्या नाटक कंपनीकडून आणलेला. आवाज कमी करायचं बटण कंपनीच्या मालकाने आठवण म्हणून उपटून नेलं होतं, म्हणून आवाज कायम पूर्ण. यंत्राच्या पट्ट्या मेलेल्या, म्हणून मी नवा कीबोर्ड एका डबीमार्फत त्याला जोडला. डबीतून दोन वायरी निघतात. एक व्होल्टेजने सांगते, कुठला सूर. दुसरी, तिला गेट म्हणतात, सांगते कधी वाजायचं: पाच व्होल्ट म्हणजे वाज, शून्य म्हणजे गप्प.

शनिवारी आत्या झोपली होती, म्हणून यंत्र चालू न करता मी दोन्ही वायरी मल्टिमीटरने मोजल्या. आकडे फ्रेम करून लावावेत असे आले.

रविवारी आत्या खुर्ची घेऊन आली आणि नेमकी प्लगला पाठ लावून बसली. माझा लॅपटॉप तिने मांडीवर घेतला, वर चहाचा कप ठेवला. शेजारी आतोबा स्टुलावर. त्यांची सगळी नोकरी दुकानदारांचे वजनकाटे तपासण्यात गेली, त्यामुळे ते कशावरच विश्वास ठेवत नाहीत.

तिच्या पाठीमागून हात घालून मी यंत्र चालू केलं. ते किंचाळलं.

घाबरून मी हाताला लागली ती पट्टी दाबली. ते गप्प झालं. बोट उचललं, किंचाळलं. दाबलं, गप्प. तेव्हा उजेड पडला: या म्हाताऱ्याला गेट उलटं कळत होतं. शून्य म्हणजे वाज, पाच म्हणजे गप्प. डबीच्या सेटिंगमध्ये एक टिचकी मारली की काम झालं असतं. सेटिंग लॅपटॉपमध्ये होतं. लॅपटॉप चहाखाली होता.

"ते काय होतं?" आत्याने विचारलं.

"तयारी."

"आणि आता?"

"आता वाजवतोय."

तिने कान देऊन ऐकलं. "बरं आहे की."

पाच मिनिटांनी म्हणाली, "एकाच जागी काय बोट ठेवून बसलायस? लिफ्ट बोलावतोयस का?"

मग मी बोटं फिरवायला लागलो. पुढची पट्टी दाबल्याशिवाय मागची सोडायची नाही, एवढाच नियम. दोन्ही हातांनी, मान डोलावत, मी अर्धा तास अशी शांतता वाजवली की आत्याचे डोळे मिटले.

अकरा चाळीसला मला शिंक आली. दोन्ही हात तोंडावर गेले. कपात लाटा उठल्या, आतोबा स्टुलावरून उठले.

"थांबलास कशाला?" आत्या वैतागून म्हणाली. "इतकं छान चाललं होतं."

बाराला निकाल लागला. "यंत्र राहू दे. पण मधेच थांबायचं नाही. तू थांबलास की त्रास होतो."

"आणि जेवायला?"

"प्लग काढून ये."

आतोबा पट्ट्यांकडे बघत राहिले.

संध्याकाळी मी लॅपटॉप उघडला. सेटिंगवर बाण नेला. एक टिचकी, आणि यंत्र चारचौघांसारखं वागलं असतं. मग भंगारवाल्याचा चेहरा आठवला. लॅपटॉप मिटला.

आता रोज एक तास रियाज असतो. आत्या शेजारणींनाही बोलावते. गेल्या आठवड्यापासून आतोबा माझ्याकडे शिकायला बसतात. अजून हात बसलेला नाही. मधूनमधून ऐकू येतात.