जागा उरली तर

"बाबा, उठा ना. लोक यायला लागलेत," मुलगी म्हणाली.

मी उठलो नाही. वाचनालयाच्या वरच्या खोलीत खिडकीपाशी माझ्या बायकोची खुर्ची असायची, तिच्यात मी बसलो होतो. समोर दोन स्टुलांवर लाकडी पाटी आडवी ठेवलेली. या खोलीला तिचं नाव द्यायचं ठरलं होतं. नाव रंगवून झालं होतं. त्याखाली पेंटरने खडूने अक्षरं आखून ठेवली होती : 'शांत, प्रेमळ आणि क्षमाशील'. शोकसभा संपली की पाटी दारावर चढणार होती.

"ती ओळ पुसा, मग उठतो," मी म्हणालो.

पेंटर ब्रश हातात धरून मुलीकडे बघायला लागला. ओळ तिनेच दिली होती.

मी शिलाई मशीन दुरुस्त करणारा माणूस. पुस्तकांशी माझा संबंध आला तो बायकोमुळे. दर गुरुवारी ती इथे दहा-बारा माणसं जमवून जुने मोठे ग्रंथ वाचून घ्यायची. मी तिला घरी न्यायला यायचो, आणि ती कधीच वेळेवर आवरायची नाही, त्यामुळे मागच्या बाकावर बसून माझ्याही कानावर बरंच पडलं. तिचा एक नियम होता. आधी खोड, मग कौतुक. ग्रंथाचा नायक कितीही शूर असो, दानशूर असो, पहिल्यांदा त्याची खोड सांगायची. हा संशयी, तो उतावळा, तिसरा दिलेल्या शब्दापायी घरादाराची माती करणारा. खोड सांगायच्या आधी ज्याच्या तोंडून कौतुक निघेल, त्याने त्या दिवशी सगळ्यांचे चहाचे कप विसळायचे.

एकदा आमच्या ग्रंथपालांनी विचारलं होतं, "बाई, एवढ्या थोर माणसांचे दोष कशाला उगाळायचे?"

ती म्हणाली, "ज्याला खोडच नाही तो पहिल्या पानावर जेवून झोपेल. पुढची चारशे पानं तुम्ही कुणाची वाचणार?"

त्या दिवशी कप ग्रंथपालांनीच विसळले.

आणि तिच्याच खोलीच्या दारावर ही अशी ओळ. 'प्रेमळ' मी चालवून घेतलं असतं. 'शांत' वाचून शेजारपाजारचे हसले असते, तेही सोसलं असतं. पण क्षमाशील? ती बाई सख्ख्या भावाशी मरेपर्यंत बोलली नाही. का, तर त्याने तिचं पुस्तक नेलं आणि पाठीमागचं पान फाडून त्यावर किराणा लिहिला.

ग्रंथपाल जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "काका, समजू शकतो आम्ही. दुःख आहे. पण शोकसभेत माणसाचं चांगलंच बोलायचं असतं."

"कुणी ठरवलं?"

"असं असतं, काका."

"इथे नसतं. या खोलीत तरी नाही," मी म्हणालो. "ती गेली तशी मी घरात एकटा बसतो. माणसं भेटायला येतात आणि सांगतात, देवमाणूस होती, कधी वावगा शब्द नाही. ते गेल्यावर मी विचार करतो, हे कुणाबद्दल बोलत होते? माझी बायको आधीच एकदा गेली आहे. आता तुम्ही उरलीसुरलीही घालवताय. मी नाही घालवू देणार."

तोवर माणसं येऊन बाकांवर बसली होती. शेजारच्या नर्सबाई पुढेच होत्या. मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. राग आला की तिची हनुवटी पुढे येते, आईसारखी.

"चार लोकांत तमाशा करू नका, बाबा. तुम्हांला काय, तुमच्याशी भांडली तरी रात्री तुमच्याच शेजारी बसून जेवायची. लोक तिला मागून काय काय म्हणायचे ते मी ऐकलंय. आता एक चांगला शब्द लागला दारावर तर तुमचं काय जातंय?"

"खोटा आहे तो शब्द."

"तुम्हांला कसं माहीत?" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "शेवटी शेवटी बदलली असेल. मनातल्या मनात केलं असेल माफ."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, तो शब्द कुणासाठी होता.

मुलीने शिक्षण अर्धवट सोडून केस कापायचं दुकान काढलं. दुकान चांगलं चालतं, बायका लांबून येतात. आईने मात्र त्या दुकानाची पायरी कधी चढली नाही. आजारपणात केस कमी करायची वेळ आली तेव्हा पोरगी आपली कात्री घेऊन धावत आली होती. बायकोने उशीवरून मान फिरवली आणि नर्सबाईंना सांगितलं, तुम्हीच कापा.

आता मुलगी विचारत होती आणि सगळी खोली ऐकत होती. हो म्हणालो असतो तर सभा सुरळीत पार पडली असती. पण खोटं बोलून पोरीच्या पदरात टाकायला मला दुसरी बायको नव्हती.

"नाही केलं," मी म्हणालो. "तुला तिने माफ केलं नाही. हट्टी होती. चूक कळली तरी शब्द मागे घेता यायचा नाही तिला. पण तू येणार असं कळलं की ती घरातले सगळे पडदे धुवायला काढायची. आणि धुताना तुला शिव्या द्यायची. दोन्ही एकदम चालायचं. आता यातलं एक ठेवून दुसरं फेकून दे म्हणालीस, तर ते माझ्याने होणार नाही."

मागे कुणीतरी खाकरलं.

"मला विचाराल तर," नर्सबाई म्हणाल्या, "त्या दिवशी मी केस कापले ना, ते वेडेवाकडेच झाले. आरशात बघून मला म्हणाल्या, माझ्या पोरीने असे कापले असते तर तिचं दुकान बंद पडलं असतं. मी म्हटलं, मग बोलवा की तिला. तर म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम करा."

सगळ्यांत आधी मुलगीच हसली. हसता हसताच तिने तोंडावर ओढणी धरली. मग मागच्या बाकावरचे वकील उठले. "बाईंची खोड सांगायची म्हणजे, समोरच्याचं वाक्य पुरं होऊ द्यायच्या नाहीत. मी कोर्टात कुणाला घाबरलो नाही, इथे घाबरायचो." त्यांच्या शेजारी कुणीतरी म्हणालं, वाचायला दिलेलं पुस्तक परत मागायला दारात येऊन उभ्या राहायच्या, जेवणाच्या वेळेला. मग एकेक जण सुटलाच. ग्रंथपाल हातातलं भाषण उलगडत होते, मिटत होते.

"तुमचं पहिलं वाक्य काय आहे?" मी विचारलं.

त्यांनी कागदात पाहिलं. "बाईंसारखी सोज्वळ…"

"कप," तीन-चार जण एकदम म्हणाले.

ते बिचारे कागद खिशात घालून खाली बसले.

मुलीने पेंटरच्या डब्यातलं ओलं फडकं घेतलं आणि खडूची ओळ पुसली. एका हाताने नव्हे, दोन्ही हातांनी, घासून. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "आता कौतुक केलं तर चालेल का, बाबा?"

"चालेल."

तिने फडकं डब्यात टाकलं. "वाचायची छान," म्हणाली. ओढणी पुन्हा तोंडावर गेली. मी खुर्चीतून उठलो आणि तिला बसवलं.

पेंटरचा रंग वाळायला लागला होता. तो म्हणाला, "मग आता काय लिहू ते एकदाच सांगा."

ग्रंथपालांनी माझ्याकडे पाहिलं, मी मुलीकडे. तिने नाक पुसलं. हनुवटी पुन्हा पुढे आली.

"आधी हट्टी लिहा," ती म्हणाली. "मोठ्या अक्षरांत. मग जागा उरली तर प्रेमळ."

पेंटरने पाटीवर वीत टाकून पाहिली. "उरेल," तो म्हणाला, आणि ब्रश बुडवला.