दर वर्षी नखभर

“पावणेदोन मीटर,” हिल्डिंग म्हणाला आणि पेन्सिल कानावर खोचली. “आपल्या होडीचं लोखंडी पातं पाण्याखाली पावणेदोन मीटर जातं. ग्रुंडनेस बंदराच्या तोंडाशी पाणी जेमतेम दीड. आणि हिमयुगाच्या बर्फाचं ओझं उतरल्यापासून तिथली जमीन दर वर्षी नखभर वर येते, म्हणजे पुढच्या वर्षी त्याहून कमी. विषय संपला, मायकेन.”

जानेवारी होता. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उत्तरेचा नकाशा पसरलेला होता आणि माझा कॉफीचा कप हातातच होता, कारण ठेवायला जागा नव्हती. शिडाची होडी घेतल्यापासून एकोणीस हिवाळे हा खटला आमच्या घरात चालत आला होता आणि निकाल दर वेळी एकच: उत्तरेकडचा समुद्र आपल्या होडीला मानवणार नाही. कधी पाणी उथळ, कधी खडक फार, कधी उन्हाळा सहा आठवड्यांचा. हिल्डिंगने आयुष्यभर लिफ्ट तपासल्या. दोर बघायचा, ब्रेक बघायचा, मग सही. आमच्या सुंड्सवाल शहरात त्याच्या सहीशिवाय लिफ्ट हलत नसे. असा नवरा असला की वादात जिंकायचं बायकोने नावच काढू नये.

पण कारणं सांगताना त्याचा डावा अंगठा नकाशावर कायम एकाच जागी दाबलेला असायचा, ग्रुंडनेसच्या, म्हणजे त्याच्या गावाच्या, थोडा बाहेर. तो उचलेपर्यंत मी बोलत नसे.

त्या जागी १९७१च्या ऑगस्टमध्ये त्याच्या वडिलांची होडी बुडाली. जाळी ओढून दोघे भाऊ घरी येत होते. थोरला एवर्ट पुढे जाळ्यांवर झोपला होता, सतरा वर्षांचा हिल्डिंग सुकाणूवर होता. काहीतरी आपटलं आणि होडी उलटली. हिल्डिंग वल्ह्याला धरून काठाला लागला. एवर्ट लागला नाही. ‘खडक होता,’ हिल्डिंग म्हणाला. गावाने दोन दिवस वजन बांधलेले दोर सोडून तळ चाचपला, खडक मिळाला नाही. नकाशातही नव्हता. पोराचा डोळा लागला, होडी लाटेला आडवी गेली, असं गावाने ठरवलं. बाप काहीच बोलला नाही, आणि तेच हिल्डिंगला जास्त लागलं. हळूहळू त्यालाही वाटू लागलं की आपला डोळाच लागला असणार.

त्याच शरदात तो दक्षिणेला आला. नंतर गावी गेला तो फक्त नाताळला, समुद्र गोठलेला असताना. २००१ साली बापाच्या मयतीलाही फेब्रुवारीच होता. आमच्या होडीवर तो सुकाणू उभ्यानेच धरायचा आणि झोप येऊ नये म्हणून स्वतःच्या दंडाला चिमटे काढायचा. ऑगस्टपर्यंत दंड निळा व्हायचा. मी मलम लावायचे, विचारायचे नाही. पुढच्या टोकाचं बिछान्याचं फळकुट आम्ही कधी वापरलं नाही. ते एवर्टचं होतं, असं कोणी म्हटलं नव्हतं, पण होतं.

मार्चमध्ये सिक्स्टेनचं पत्र आलं. सिक्स्टेन म्हणजे गावातला सासऱ्यांचा शेजारी. “एक्क्याऐंशी पूर्ण झाली. तुझ्या बापाने नेमून दिलेलं एक काम बावीस वर्षं करतोय, आता गुडघे ऐकत नाहीत. येऊन ताबा घे. समुद्राकडून ये. गाडीने आलास तर दार उघडणार नाही.”

“म्हातारा पहिल्यापासूनच तिरसट,” हिल्डिंग म्हणाला. “होडीला मानवणार नाही म्हणून कळवतो.”

“होडीला विचारलंस कधी?” मी म्हटलं. “मानवत नाही ते तुला. एकदा तोंडाने बोल तरी.”

त्याने नकाशा उघडून पुन्हा त्याच जागी अंगठा दाबला. “गेलो आणि तिथे काहीच नसलं तर?” तो म्हणाला. “नुसतंच स्वच्छ, खोल पाणी. मग मीच मारलं ना त्याला?”

मी नकाशाची घडी घातली आणि म्हटलं, “जुलैत निघू.”

नवव्या दिवशी दुपारी आम्ही ग्रुंडनेसच्या बाहेर, खोल पाण्यात नांगर टाकला. हिल्डिंगचा दंड काळानिळा झाला होता. सिक्स्टेन छोट्या होडीतून वल्ही मारत आला आणि त्याने आमच्या होडीखाली वाकून पाहिलं.

“एवढं मोठं पातं! बटाट्याचं शेत नांगरायला निघालास का रे?” मग माझ्याकडे वळून, “बसा वहिनी, माझ्या होडीत. लांब नाही.”

गाव समोर दिसत होतं. सासऱ्यांचं होडीघर, एकेकाळी पाण्यालगत असलेलं, आता पाण्यापासून शंभर पावलांवर, गवतात उभं होतं. सिक्स्टेन तिकडे गेला नाही. त्याने बाहेरच्या बाजूला वळण घेतलं आणि वल्ही उचलली.

पाण्याच्या वर वीतभर एक खडक आला होता, आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा. त्यावर एक समुद्रपक्षी बसला होता. खडकाच्या भेगेत एक काठी रोवलेली होती, तिला पांढरा रंग लावलेला.

जमीन वर येते म्हणून पाणी कमी होतं, हे हिल्डिंगने एकोणीस हिवाळे मला ऐकवलं. जमीन वर येते म्हणजे खडकही येतो, हे एवढ्या हुशार माणसाच्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

“अठ्ठ्याऐंशी साली पाणी फार उतरलं होतं, तेव्हा तुझ्या बापाला पहिल्यांदा दिसला,” सिक्स्टेन म्हणाला. “तेव्हापासून काठी. हिवाळ्यात बर्फ उपटून नेतो, मे महिन्यात नवी. मरताना मला म्हणाला, पोरगं होडीने इथून जाईपर्यंत लावत राहा.”

मला संताप आला. “तेरा वर्षं लपवलं! फोन नव्हता का त्यांच्या घरात?”

“मी पण हेच म्हटलं, वहिनी. म्हणाला, तोंडाने सांगितलं तर त्याला वाटेल बाप समजूत काढतोय. त्याला स्वतः बघू दे. येईल कधीतरी उन्हाळ्याचा.” सिक्स्टेनने नाक पुसलं. “दर उन्हाळ्यात होडीघराच्या पायरीवर बसलेला असायचा.”

हिल्डिंग होडीतून वाकला आणि त्याने खडकावर तळहात टेकला. पक्षी उडाला.

“आहे,” तो म्हणाला.

काठी थोडी कलली होती. त्याने ती सरळ केली, फटीत दगड ठोकून बसवला, हलवून पाहिली, पुन्हा हलवून पाहिली. लिफ्टसारखीच.

“काठी कुठून तोडतोस?”

“टेकडीमागून. मे महिन्यात ये, दाखवतो.”

“येईन.”

संध्याकाळी आम्ही दक्षिणेला निघालो. वारा चांगला होता. तासभर झाला असेल, हिल्डिंग म्हणाला, “मायकेन, जरा धरतेस का?” त्याने सुकाणू माझ्या हातात दिलं, खाली गेला आणि पुढच्या टोकाच्या फळकुटावर आडवा झाला. बाह्या वर सरकल्या होत्या. मी हाक मारून पाहिली, तो गाढ झोपला होता. सतरा वर्षांचा तो पोरगा ऑगस्टच्या त्या दिवशी जागाच होता.

मी मागे वळून पाहिलं. होडीघराची पायरी इतक्या लांबून दिसत नव्हती.