म्हाताऱ्याने गिळलेला घोट

अर्धांगाचा झटका आला तेव्हा पार्मुआतचा उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि मासाई भाषाही गेली. हातापायाचं घरच्यांना समजलं, भाषेचं मात्र पटेना. उभा जन्म हा माणूस मासाईत भांडला, मासाईत सौदे केले, मुलाला मासाईत शिव्या घातल्या. आणि आता तोंड उघडलं की याकुंते! मुकोगोडोच्या जंगलात मधावर जगणारी त्याची आई जी बोलायची, ती भाषा. गाईगुरांचे धनी असलेले मासाई तिला भिकाऱ्यांची बोली म्हणत. त्या लाजेपायी खुद्द पार्मुआतने मुलांना तिच्यातला एक शब्द शिकवला नव्हता.

ती समजणारं माणूस आता एकच उरलं होतं, त्याची धाकटी बहीण नोल्मोंगी. पार्मुआतचा मुलगा सिरोंका तिला पठारावरून घेऊन आला.

"आत्या, तूच बघ बाई. पाणी मागतोय की शिव्या देतोय, काही कळत नाही."

नोल्मोंगीने भावाच्या तोंडाशी कान नेला. "दोन्ही करतोय," ती म्हणाली. "पाणी आधी दे."

नोल्मोंगी हे नाव सासरचं, 'बैलांची' अशा अर्थाचं. तिला बैल देऊन नेलं होतं ना! "ही जंगलची बडबड पुन्हा ऐकली तर दात पाडीन," असं नवऱ्याने पहिल्याच आठवड्यात बजावलं, आणि एक पाडूनही दाखवला. मग ती जी गप्प झाली ती विधवा होईपर्यंत. पुढे बोलायचं म्हटलं तर बोलणार कोणाशी? भाऊ भेटायचा, पण तोही तिच्याशी मासाईतच बोलायचा.

आता मात्र दोघं दिवस दिवस बोलत बसत. पार्मुआत तिला लहानपणच्या नावाने हाक मारी. कुठल्या फुलाचा मध कडू, कुठल्या झाडाच्या ढोलीत माशा राहत नाहीत, बाप धुराची मशाल घेऊन झाडावरून कसा पडला आणि वर आईलाच कसा ओरडला. नोल्मोंगी इतकी हसली की सिरोंकाच्या बायकोला वाटलं, हिलाही झटका आला. एवढं सुख तिला म्हातारपणी मिळालं, तेही भावाच्या दुखण्यातून, आणि या गोष्टीची तिला लाज वाटत होती.

पण दोघांमध्ये एक विषय कडू होता. सिरोंकाचा मुलगा कोइनेत याचं लग्न ठरलं होतं. पूर्वी जंगलात मुलगी मागायची तर माशांनी पोळं करावं म्हणून पोखरून झाडावर टांगलेले मधाचे ओंडके द्यावे लागत. पार्मुआतने बायकोसाठी तेच दिले होते. आता मुलीचा बाप कालवडी मागत होता. सिरोंकाने म्हाताऱ्याचे ओंडके टांगलेली झाडं तोडली, त्यांचा कोळसा पाडून विकला आणि कालवडी आणल्या. ओंडके उतरवायलाही तो थांबला नाही.

एक अट अजून उरली होती. नवऱ्यामुलाच्या आजोबाने मधाच्या दारूचा घोट तोंडात घेऊन त्याच्या डोक्यावर फवारायचा आणि आशीर्वादाचे शब्द बोलायचे. त्याशिवाय मुलगी घर सोडणार नव्हती.

"दादा, दोन बरे शब्द बोल हं," आशीर्वादाच्या दिवशी सकाळी त्याला बसतं करताना नोल्मोंगी म्हणाली.

"माझी झाडं उभी करा, बोलतो."

"पोराचा काय दोष?"

"कालवडी त्याच्याचसाठी आल्या ना?"

दुपारी अंगणात मंडळी जमली. मुलीचा बाप नाक वर करूनच आला होता. कोइनेत आजोबापुढे मान वाकवून बसला. नोल्मोंगीने दारूचा भोपळा पार्मुआतच्या तोंडाला लावला. त्याने घोट घेतला, नातवाच्या डोक्याकडे पाहिलं आणि सावकाश गिळून टाकला. मग तो याकुंतेत बोलला. शब्द अडखळत आले, पण स्पष्ट होते.

"ज्या झाडांच्या जोरावर तुझ्या आजीला मागितलं, ती तुझ्या बापाने जाळली. आत माशा होत्या. या लग्नाला माझी थुंकी नाही. तुमची चूल विझो."

"काय म्हणाला?" मुलीच्या बापाने विचारलं. "आणि फवारलं का नाही?"

सगळे नोल्मोंगीकडे पाहू लागले. कोइनेतची वाकलेली मान तिच्यासमोर होती. उद्यापासून लोक या पोराला शापित म्हणणार, कोणी याला मुलगी देणार नाही. तिला ते सहन होईना.

"म्हणतोय, मधमाशांसारखे वाढा," ती मासाईत म्हणाली. "तुमची चूल कधी विझू नये. तोंड वाकडं झालंय हो त्याचं, फवारता कुठून येणार? मी त्याच्याच आईच्या पोटची, त्याच्या जागी मी फवारते." तिने भोपळा उचलला, घोट घेतला आणि कोइनेतच्या डोक्यावर फवारला.

"नाइ!" आशीर्वाद झाला की घेतात तसं देवाचं नाव सगळ्यांनी एका सुरात घेतलं. सिरोंकाच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग तिने भावाकडे पाहिलं, आणि तेव्हा कुठे तिच्या लक्षात आलं. झटक्याने त्याचं मासाई बोलणं नेलं होतं, ऐकणं नेलं नव्हतं. घरचे त्याच्यासमोर खांबासमोर बोलावं तसं बोलत, आणि हळूहळू तीही तसंच धरून चालली होती. त्याला शब्द न् शब्द कळला होता. परक्या माणसाकडे पाहावं तसा तो तिच्याकडे पाहत होता.

त्या दिवसापासून पार्मुआत बोलला नाही. पाणी हवं तर डाव्या हाताने दाखवायचा. नोल्मोंगीने पाय धरले. "दादा, शिवी दे. मला शाप दे, पण बोल रे." ती मुद्दाम चुकीचं बोलू लागली. काळ्या मधाला पांढऱ्या मधाचं नाव द्यायची. लहानपणी असं चुकलं की तो डोक्यात टपली मारायचा. एकदा त्याचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला. त्याने ओठ घट्ट मिटून घेतले.

सून घरात आली, गुणाची निघाली. चूल पेटती राहिली. आणि ऐन उन्हाळ्यात, भर दुपारी, बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून पार्मुआत गेला.

सगळे भोवती गोळा झाले. "आत्या, शेवटी काही बोलला का गं?" सिरोंकाने विचारलं.

"बोलला," ती म्हणाली. "सगळ्यांचं भलं होवो म्हणाला."

"त्याच्या भाषेत सांग ना, आजी," कोइनेत रडत म्हणाला. "तो म्हणाला तसंच. एकदा ऐकू दे."

नोल्मोंगीने भावाच्या मिटलेल्या तोंडाकडे पाहिलं आणि याकुंतेत म्हणाली, "मी खोटं बोलले. म्हणून हा माझ्याशी बोलायचा थांबला, आणि न बोलताच गेला."

सगळ्यांनी माना लववल्या.

"नाइ," ते म्हणाले.