कार्डाचा नारळ

दिव्याखाली अंधार म्हणतात ते काही उगीच नाही. बिबवेवाडीतल्या ‘काळबांडे फोटो’नं निम्म्या वस्तीची लग्नं, मुंजी, बारशी आणि डोहाळजेवणं कॅमेऱ्यात उतरवली. पण त्यातली निम्मी ज्या बाईनं स्वतःच्या हातानं टिपली, त्या हिरा काळबांडेचा भिंतीवर लावण्याजोगा एक फोटो घरात निघेना. आणि वर्षश्राद्ध तर रविवारवर येऊन ठेपलं होतं.

तसा एक होता. बँकेच्या कामासाठी घाईघाईत काढलेला पासपोर्ट साइझचा, तोच मोठा करून घेतलेला. श्वास रोखून, खांदे वर करून, कुणीतरी ओरडल्यासारखी हिरा त्यात समोर बघत होती. वर्षभर हार त्यालाच. अमरावतीहून हिराच्या मोठ्या बहिणीचा, विमलाबाईंचा, फोन आला की पहिलं वाक्य तेच असायचं. “जवाईबुवा, हा फोटो पाह्यला का असं वाटते का आमच्या हिरीले पोलिसांनी धरून आणली. दुसरा लावा ना बाप्पा. साऱ्या जगाचे फोटो काढता तुम्ही.”

हिराचे यजमान संभाजीराव एरवी कुणाचं ऐकून घेणाऱ्यातले नव्हते. अमरावती सोडून पुण्यात आल्याला त्यांना उमर लोटली होती आणि इथलं पाणी त्यांना चांगलंच लागलं होतं. दुकानात त्यांनी पाटीच लावली होती: ‘फोटो जसा आहे तसा येईल. तक्रार असल्यास घरच्या आरशाकडे करावी.’ पण विमलाबाईंपुढे ते गप्प बसायचे, कारण बाई खरं बोलत होत्या. आणि बाईंना माहीत नव्हतं ते याहून वाईट होतं. रोज त्याच फोटोपुढे उदबत्ती लावून लावून, आता डोळे मिटले तरी संभाजीरावांना तो फोटोच दिसायचा. हिरा दिसायची नाही. तिचा आवाज आठवायचा, बांगड्यांचा आवाज आठवायचा, पण चेहरा आठवायला गेलं की खांदे वर करून ती पासपोर्टवाली बाई हजर. ही गोष्ट त्यांनी लेकीलाही सांगितली नव्हती. माणूस जाऊन वर्ष होत नाही तोवर त्याचा चेहरा हातातून निसटतो, हे सांगायचं कुणाला आणि कोणत्या तोंडानं?

लेक अक्षता हिंजवडीला सॉफ्टवेअरमध्ये होती. लग्नाचे फोटो काढणाऱ्या जोडप्यानं मुलीचं नाव अक्षता ठेवावं यावर कॉलेजात तिची पुष्कळ थट्टा झाली होती. तिनं आपला मोबाईल पालथा घातला. त्यात आईचा तळहात होता, आईची पाठ होती, पदराआड तोंड लपवलेली आई होती. ‘मोबाईलचा काय फोटो असतो का गं,’ म्हणून हिरा हात आडवा घालायची. दवाखान्यातले चार-दोन होते, ते दोघांनीही न बोलता पुढे सरकवले. कार्यातल्या फोटोंत तर ती कायम कॅमेऱ्यामागे. कोपर, काठ, आणि एक मिटलेला डोळा. घरातला लग्नाचा फोटो काढून पाहिला, तर नवरी मुंडावळ्यांमागे बुडालेली आणि मान खाली.

मग शुक्रवारी एक गोष्ट घडली. एका साखरपुड्याची तयारी करताना संभाजीरावांच्या कॅमेऱ्यातलं मेमरी कार्ड रुसलं. दुसरं शोधताना त्यांच्या हाती अक्षताची शाळेतली कंपासपेटी लागली. हिरा तिची कार्डं त्यात ठेवायची. नवऱ्याच्या कार्डांत मिसळू नयेत म्हणून प्रत्येकावर तिनं लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला होता. पेटीत अलीकडची मोठी कार्डं होती, आणि मोठी आल्यावर बाजूला पडलेली जुनी, लहान क्षमतेचीही होती. कोणतीच वस्तू टाकायची नाही हा तिचा बाणाच होता.

त्यांनी एक कार्ड कॅमेऱ्यात घातलं आणि सवयीनं फॉर्मॅटवर गेले. कार्डावरचं सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं. होकाराच्या बटणावर अंगठा टेकला आणि तिथेच थांबला. त्यांना नारळ आठवला.

नारळ ही त्या दुकानाची रीत. कार्ड संगणकावर नव्हे, कॅमेऱ्यातच फॉर्मॅट करायचं, तेही गिऱ्हाइकानं ‘फोटो पोचले’ म्हटल्यावरच. आणि कोरं झालेलं कार्ड बरं चालतंय ना हे बघायला पहिला फोटो दुकानातच काढायचा. या पहिल्या फोटोला हिरा नारळ म्हणायची. शुभकार्याला निघायचं तर नारळ नको? काउंटरच्या अलीकडे संभाजीराव, पलीकडे हिरा, आणि दोघं समोरासमोर आपापल्या कार्डांचे नारळ फोडायचे. एकदा तो फोटो चुकून गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हवर गेला. नवरदेवाचे वडील दुकानात येऊन म्हणाले, “लग्न आमच्याकडे होतं असा आमचा समज आहे. मग पहिला मान फोटोवाल्यांचा कसा?” तेव्हापासून नारळ बघून झाला की कार्ड पुन्हा एकदा फॉर्मॅट होऊनच पेटीत जायचं. म्हणून इतक्या वर्षांच्या नारळांपैकी एकही कुठे शिल्लक नव्हता.

संभाजीरावांनी लेकीला फोन लावला. कंपनीच्या बसमध्ये ती ट्रॅफिकला शिव्या देत बसली होती.

“बाबा, थांबा! काही दाबू नका. त्यावर एकही फोटो काढू नका. फॉर्मॅट म्हणजे सगळं जातं असं नसतं. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडल्यासारखं आहे ते. पानं आत असतात, त्यावर नवीन छापलं नाही तोवर. आईची कार्डं तिच्यानंतर कुणी वापरलीयेत?”

“कोण वापरणार?”

“मग नारळ आत असणार. उद्या सुट्टी आहे, मी रिकव्हर करते. तोपर्यंत पेटीला हात लावायचा नाही हं.”

संभाजीरावांनी साखरपुड्यासाठी शेजाऱ्याकडून कार्ड मागून आणलं. अशी उसनवारी त्यांनी जन्मात केली नव्हती.

शनिवारी जेवणं झाल्यावर अक्षता लॅपटॉप घेऊन बसली. संभाजीरावांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. का घातला, हे त्यांनाही विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. कुणीतरी येणार असल्यासारखं वाटत होतं एवढंच. नारळ म्हटलं की त्यांच्या मनात एकच चित्र उभं राहायचं: काउंटरपलीकडे हिरा, पदर खोचलेला, काहीतरी बोलता बोलता मधेच फोटो काढणारी. तेच चित्र आता त्या लाल ठिपक्यांतून बाहेर येणार होतं.

पहिल्या कार्डातून आधी कुणाची तरी वरात निघाली. मग जिलब्यांचं ताट, बूट पळवणाऱ्या करवल्या, फेटा सावरणारा मामा, अर्धवट तुटलेले, अर्धे राखाडी झालेले फोटो. अक्षता भराभर वर सरकत गेली. सगळ्यात आधीचा फोटो उघडला.

त्यात संभाजीराव होते. बशीतून चहा पिताना.

“दुसरं घाल,” ते म्हणाले.

दुसऱ्या कार्डाच्या सुरुवातीला संभाजीराव. तिसऱ्याच्याही. जुन्या, लहान कार्डांत त्यांच्या मिशा काळ्या होत होत गेल्या आणि डोक्यावर केस येत गेले, पण माणूस तोच. शेवटचं कार्ड संपलं तेव्हा अक्षताचा हात तसाच राहिला.

“आई नाहीये, बाबा.”

“नीट बघ. एखादा राहिला असेल.”

“सगळे बघितले.”

“अगं, ती असायची! दर वेळी असायची! माझ्या डोळ्यांनी...” आणि संभाजीराव बोलता बोलता थांबले. डोळ्यांनी पाहिली होती, खरंच होतं ते. हिराच्या कार्डांचे नारळ हिरानंच काढलेले, मग त्यात हिरा कशी येणार? ती होती ती त्यांच्या स्वतःच्या कार्डांवर, आणि त्या कार्डांवर वर्षभर त्यांनी लोकांची लग्नं चढवली होती. ज्यानं आयुष्यभर कॅमेरा धरला त्याला एवढं कळू नये! शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. त्यांना इतकं वाईट वाटलं, की दवाखान्यातून रिकाम्या हातानं घरी आले त्या दिवसाची आठवण झाली.

अक्षतानं लॅपटॉप जवळ ओढला. मग एक फोटो पुन्हा उघडला. “इथे असं तोंड का केलंय तुम्ही?”

“कसं?”

“काहीतरी हरवल्यासारखं.”

“चष्मा शोधत होतो. ती म्हणाली, अहो, कपाळावर बघा, तिथे चष्म्याचं एक दुकान आहे, तिथे मिळेल.”

अक्षताला हसू फुटलं. “आणि इथे? चिडलायत.”

“गिऱ्हाईक नुकतंच गेलं होतं. अल्बम मळका दिसतो म्हणे. ती म्हणाली, भांडून झालं असेल तर इकडे बघा, माझं कार्ड खोळंबलंय.”

“हा?”

“हा तुझ्या दहावीच्या निकालाचा दिवस. बोलत काहीच नव्हती. रडत होती बावळट, आणि रडता रडता काढला. म्हणून हललाय बघ.”

सांगता सांगता संभाजीरावांच्या ध्यानात आलं की आपण पडद्याकडे बघतच नाही आहोत. डावा डोळा मिटून, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरून हिरा कॅमेरा वर उचलत होती. खांदे खाली होते. नाकावर घाम होता. कित्येक महिन्यांनी ती त्यांना पासपोर्टवाल्या बाईला बाजूला सारून दिसली, आणि त्यांनी अक्षताचं मनगट घट्ट धरलं.

“बाबा? काय झालं?”

“काही नाही. पुढचा लाव.”

पुढचा शेवटचा होता, अगदी अलीकडच्या कार्डावरचा. आजारपण कळायच्या जरा आधीचा. त्यात संभाजीराव मान मागे टाकून, डोळे गच्च मिटून, पडलेल्या दाताच्या फटीसकट हसत होते. असे, की अक्षतानं खुर्ची पुढे ओढली.

“इतकं काय म्हणाली होती आई?”

संभाजीराव उठले. “चहा टाकतो,” म्हणाले. चहा टाकला, प्यायला, पण त्या फोटोचं काही सांगितलं नाही. संध्याकाळी मात्र दुकानात जाऊन त्यांनी तो छापून घेतला आणि साध्या काळ्या चौकटीत बसवला.

रविवारी पहाटे विमलाबाई रात्रीच्या गाडीनं स्वारगेटला उतरल्या. अक्षता त्यांना रिक्षानं घेऊन आली. पाय धुऊन बाई बैठकीत आल्या, पाटाकडे पाहिलं आणि जागीच थबकल्या. पाटावर हिराचा तोच जुना पासपोर्टवाला फोटो होता, ताज्या मोगऱ्याच्या हारात. आणि त्याच्या शेजारी, हाराशिवाय, तोंड उघडून हसणारे जावई.

“अवो जवाईबुवा! काय हे? जित्या माणसाचा फोटो कोणी असा ठेवते का? अन् तोही आजच्या दिवशी! उचला तो आधी. म्या दुसरा फोटो लावा म्हटलं होतं, हिरीचा. तुमचा नाही!”

“बाई, तिचा नाहीच सापडला.”

“म्हणून तुमचा ठेवान?”

“तिनंच काढलाय तो.”

“मंग? कॅमेरा दिसला का काढतच राहे ते. म्हणून असा अपशकुन कराचा का?”

अक्षता मध्ये पडणार होती, पण संभाजीरावांनी हातानं तिला थांबवलं.

“बाई, हा फोटो काढताना ती काय म्हणाली ठाऊक आहे? म्हणाली, अहो, जरा नीट हसा, हाच मोठा करून हार घालायचाय मला. नंबर तुमचा आधी आहे, दहा वर्षांनी मोठे आहात. ऐन वेळी मी रडत बसणार, फोटो कुठे शोधत बसू? म्हणून आत्ताच काढून ठेवते.” त्यांनी खाली पाहिलं. “त्यावर हसलो मी.”

अक्षतानं तोंडावर ओढणी धरली. विमलाबाईंनी तो फोटो दोन्ही हातांनी उचलला, चष्मा वर सारून डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ बघत राहिल्या.

“हिरीच हाय,” त्या हळूच म्हणाल्या. “असंच बोले. बोलून झालं का लोक असेच हसत.” मग त्यांनी तो परत पाटावर ठेवला, बहिणीच्या फोटोला अगदी लगटून, आणि हाराचं एक सुटलेलं फूल नीट खोचलं. “राहू द्या इथंच. पण हार तिलेच घाला. रांग मोडली ना तिनं.” त्या पाटाशेजारीच खाली बसल्या. “लहानपणापासून तशीच. नळावर आम्ही तास तास उभ्या राहो, अन् ते आपली कळशी घेऊन सरळ समोर घुसे.”

संभाजीराव हसायला गेले, आणि वर्षभरात पहिल्यांदा, सगळ्यांच्या देखत, मोठ्यानं रडले.