वेवजीची निळी ज्योत

वेवजीच्या माळावर प्रल्हादरावांच्या संस्थेने गॅसची भट्टी उभारली, पण ती नेमकं काय करते हे एकट्या सुदर्शनलाच ठाऊक होतं. दगडी कोळसा आणि चिकूच्या वाळक्या फांद्या मिसळून आत टाकायच्या, हवा बेताने सोडायची, म्हणजे जळण धड पेटत नाही, नुसतं धुमसतं आणि त्यातून जळाऊ वायू निघतो. त्यावर शेजारच्या आश्रमशाळेचा स्वयंपाक व्हायचा होता. कोळसा किती, फांद्या किती, हे जुळवण्यात सुदर्शनचं वर्ष गेलं. नोकरी कंत्राटी. उद्घाटनाला ज्योत पेटली तर तो कायम होणार, नाहीतर डहाणूला बसून शिक्षिका बायकोच्या, श्रुतिकाच्या, पगाराचा चहा पिणार.

"एकदा आधी पेटवून बघू का?" त्याने विचारलं होतं.

"आधी पेटवलीस तर उद्घाटन कसलं?" प्रल्हादराव म्हणाले. चिकूच्या तीन वाड्यांचे मालक ते, त्यांच्यापुढे कोण बोलणार!

उद्घाटनाला मुंबईहून मोठे साहेब आले. नवी भट्टी म्हटली की नारळ आलाच. साहेब तो पायरीवर फोडणार, एवढ्यात प्रल्हादरावांना बुद्धी सुचली. "साहेब, भट्टीच्या तोंडावरच फोडा, आत जाऊ दे. नारळ झाडाचाच ना? बायोमासच झाला!" साहेब खूश. पण एकाला मान दिला की दुसऱ्याचं तोंड वाकडं होतं. सरपंच, उपसरपंच, बागायतदार संघाचे आजी आणि माजी अध्यक्ष, सगळ्यांनी आपापला नारळ पाण्यासकट आत सोडला. वरून भटजींनी कलशातलं तीर्थ ओतलं.

"अहो, जळण भिजतंय!" सुदर्शन ओरडला.

"शुभकार्यात पाणी चालतं," प्रल्हादरावांनी त्याला गप्प केलं.

मग व्हायचं तेच झालं. भट्टीने पांढरा धूर ओकला, पाहुणे खोकले, ज्योतीचा पत्ता नाही. प्रल्हादरावांनी सुदर्शनचं कोपर धरलं. "तुझी ऑर्डर माझ्या खिशात आहे. ज्योत दाखव, सही करतो."

मंडपामागे आचारी पाहुण्यांसाठी भजी तळत होता. सुदर्शनने त्याचा सिलिंडर ओढत आणला आणि भट्टीच्या बर्नरची नळी गुपचूप त्याला जोडली. निळीशार ज्योत उठली. टाळ्या पडल्या, फोटो निघाले, भजी कढईत कच्ची राहिली. कोळसा आणि चिकू यांच्या ऐतिहासिक मैत्रीवर साहेब बोलायला उभे राहिले ते बसेचनात. पहिल्या रांगेत श्रुतिकाने नाक वर करून वास घेतला आणि नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली.

भाषण लांबलं तसा सिलिंडर संपला. ज्योत फडफडली आणि विझली. सुदर्शनने धावत जाऊन नळी परत भट्टीला जोडली, झडप उघडली, काडी धरली. आतलं पाणी एव्हाना आटलं होतं. भक्कन ज्योत पेटली. तांबूस, थोडी धुरकट, पण त्याच्या कोळशाची, त्याच्या फांद्यांची. त्याचे डोळे भरून आले. लोकांना वाटलं, धूर गेला असेल.

"हे काय? रंग का बदलला?" साहेबांनी विचारलं. "बिघडलं वाटतं."

"साहेब, हीच खरी..." सुदर्शन म्हणाला.

"मग मघाची कुठली होती?"

प्रल्हादरावांचा हात खिशाकडे गेला. सुदर्शनने एकदा त्या हाताकडे पाहिलं, एकदा ज्योतीकडे.

"थोडा बिघाड आहे, साहेब. दुरुस्त करतो."

आणि वर्षभर जिची वाट पाहिली, ती ज्योत त्याने स्वतःच्या हाताने बंद केली. सही झाली. ऑर्डरीखाली साहेबांचा शेरा पडला, ज्योत उद्घाटनाच्या दिवशी होती तशीच निळी ठेवावी.

परतताना श्रुतिका हळूच म्हणाली, "शेवटची तुझी होती ना रे?"

"हो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन कायमच्या नोकरीवर रुजू झाला आणि पहिलं काम म्हणून जवळच्या अच्छाड गावी सिलिंडर आणायला गेला.