हळदीतलं नाव

जागृतीला गोष्ट लिहायची म्हटलं की आधी कोणाशी तरी भांडायला लागायचं. या वेळी भांडण आयतंच दारात आलं.

तारापूर एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कंपनीत ती लॅबमध्ये होती. दिवसभर बाटल्या हलवायच्या आणि संध्याकाळी बोईसरच्या घरी येऊन वहीत खरडायचं. चार गोष्टी चार ठिकाणी पाठवल्या होत्या, चारही परत आल्या. आई म्हणायची, तुझ्या गोष्टींना माहेरची भारी ओढ. बरं, गप्प बसेल तर ती जागृती कसली! तिने पाचवी लिहायला घेतली.

पालघरचे निमेश सर शाळेत चित्रकला शिकवतात आणि हौसेने एक त्रैमासिक काढतात. यंदा त्यांच्या डोक्यात खूळ शिरलं, की आसपासच्या कलावंतांनी आपल्या आवडीचं एकेक गाणं सुचवायचं आणि नव्या लिहिणाऱ्यांनी त्यावरून गोष्ट रचायची. तारपा वाजवणाऱ्या झिपरूने एक गाणं दिलं, बोईसरच्या एका बँडवाल्याने दुसरं. तिसरं दिलं समुद्रकाठच्या दांडी गावातल्या मंजुळामावशीने. मावशी मासे सुकवते, विकते आणि गावातल्या प्रत्येक हळदीला गाणी म्हणते. चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा जागृतीच्या वाट्याला मंजुळामावशी आली.

रविवारी ती दांडीला गेली. मावशी घराच्या पत्र्यावर बोंबील पसरत होती. तिने वरूनच गाणं म्हटलं आणि जागृतीने खालून फोन धरून ते रेकॉर्ड केलं. गाण्यात एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या म्होरक्याला, बायका चिडवतात:

कुंदन तांडेल रे, वाळूला कुंपण,
आता वाऱ्याला घाल रे कुंपण!

बस, या दोन ओळींनी जागृतीच्या अंगात संचार झाला. घरी येऊन तिने तीन दिवसांत गोष्ट संपवली. तिच्या गोष्टीत जुन्या काळचा कुंदन तांडेल बायकांची मासे सुकवायची वाळू कुंपण घालून अडवतो. बायका रडत नाहीत, पाया पडत नाहीत. त्या या घरापासून त्या घरापर्यंत दोऱ्या बांधतात आणि अख्ख्या गल्लीत बोंबील टांगतात, इतके की तांडेलाला स्वतःच्या दारात शिरताना कंबरेत वाकावं लागतं. रोज, येता-जाता, सगळ्या गावासमोर.

निमेश सर वाचून खूश झाले. छापायचं ठरलं. पालघरच्या शाळेच्या हॉलात वाचनही ठरलं. उत्साहाच्या भरात सरांनी अख्खी गोष्ट व्हॉट्सॲपवर टाकली, आणि ती तासाभरात दांडीला पोचली.

दुसऱ्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज पार उतरलेला.

"जागृती, कुंदन तांडेल म्हणून दांडीत खरोखरचा माणूस आहे गं. आणि त्याने बायकांच्या वाळूला खरोखरचं कुंपण घातलंय. शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्या लावायला."

"काय सांगता! पण सर, ते तर गाण्यात होतं. जुन्या गाण्यात."

"तो म्हणतोय, गोष्ट मागे घ्या, नाहीतर नाव काढा आणि हॉलात सगळ्यांसमोर माफी मागा. हे बघ, नाव बदलूया. मेहुल ठेव, जानू ठेव, काय फरक पडतो?"

जागृतीच्या तोंडचं पाणी पळालं. पहिली छापली जाणारी गोष्ट, आणि तिच्यात एका जिवंत माणसाची बेअब्रू! तिने कबूल केलं, काढते नाव. चूक तर झाली होतीच. आईचं माहेर एडवणच्या किनाऱ्यावरचं असलं तरी जागृती वाढली बोईसरच्या बिल्डिंगीत. तिने पाहिलेल्या हळदी म्हणजे हॉल आणि डीजे. तिला काय माहीत गावचं गाणं कसं असतं?

गाण्याचा असा घोळ केल्याबद्दल मावशीला सॉरी म्हणायला ती पुन्हा दांडीला गेली. जाताना वाटेत कुंपण दिसलं. बांबू ठोकलेले, त्यांना जुनी जाळी बांधलेली, आत तीन गाड्या. मागच्या वेळीही ती इथूनच गेली होती. तेव्हा तिने मान वळवूनसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि आता त्याची तिला लाज वाटली.

"चूक?" मंजुळामावशी म्हणाली. "कसली चूक? हळदीच्या गाण्यात नाव आमीच घालतो गो. ज्या घरचं लगीन, त्या घरची नावं. काका, मामा, आत्या, कोणाला सोडत नाय. मागल्या महिन्यात कुंदनच्या पुतण्याची हळद होती. तवा त्याचं नाव घातलं."

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं, मी ते नाव लिहीन?"

मावशीने पुढच्या टोपलीतले बोंबील निवडायला घेतले. "वाटलं व्हतं."

जागृतीच्या अंगाचा तिळपापड झाला. "मावशी, तुम्ही मला वापरलंत! मी मूर्खासारखी तीन दिवस जागले, माझी गोष्ट, माझी गोष्ट करत नाचले, आणि तुम्हाला फक्त तक्रार लिहून देणारी हवी होती!"

"व्हय, वापरलं," मावशी शांतपणे म्हणाली. "ऐक. हळदीला आमी काय पण बोलतो, ज्याला बोललं त्याने हसायचं, अशी रीत हाय. मी गायले, कुंदन पोट धरून हसला. मला पानाचा विडा दिला हाताने. आनी सकाळी? सकाळी सगळं विसरायचं, ती पण रीतच. कुंपण तिथंच. दोन वर्सं आमी बाया त्याला हळदीत बोलतो नि तो हसतो. हसून आमाला गप्प करतो मेला! छापलेल्याला कसा हसंल?"

जागृतीचा राग होताच, पण आता तो कोणावर काढायचा ते कळेना.

"आनी तुजी गोष्ट तुजीच हाय," मावशी पुढे म्हणाली. "मी दोन ओळी दिल्या. दोऱ्या मी नाय बांधल्या. तांडेलाला मी नाय वाकवला. शेजारच्या भावनाच्या पोरीने ते फोनवर वाचून दाखवलं, तवा दोन वर्सांनी पयल्यांदा मला बरं वाटलं. आता तुला भ्या वाटत असंल तर काढ नाव. मी रागवायची नाय."

हे शेवटचं वाक्य फार झोंबलं. रागावली असती तर परवडलं असतं.

रविवारी हॉल भरला. पहिल्या रांगेत कुंदन तांडेल, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाजूला चार माणसं. मागे भिंतीला टेकून दांडीच्या सात-आठ बायका. सुरुवातीला तांडेल स्वतः उठून जागृतीजवळ आला. दांडगाई नाही, आवाज नाही. उलट माया ओतू जात होती.

"पोरी, तू आपल्यातलीच. एडवणची भाची. एका नावाचा प्रश्न हाय. दोन शब्द माफीचे बोल, मीच पहिली टाळी वाजवीन."

निमेश सरांनी तिच्या हातात कागद दिले. नाव जिथे जिथे होतं तिथे लाल पेनाने खोडून 'एक तांडेल' लिहिलं होतं, आणि वर माफीच्या तीन ओळी जोडल्या होत्या. सरांचे डोळे म्हणत होते, बाई, एवढं कर.

जागृती माईकपुढे उभी राहिली. तिने वरचा माफीचा कागद घडी घालून पर्समध्ये ठेवला आणि वाचायला लागली.

"कुंदन तांडेलाने वाळूला कुंपण घातलं, त्या दिवशी वारा उत्तरेचा होता."

पहिल्या रांगेत खुर्च्या करकरल्या. निमेश सरांनी डोक्याला हात लावला. कुंदन तांडेल उभा राहिला, आणि आता तोंडावर हसू औषधालाही नव्हतं.

"ए पोरी! हळदीचं बोलणं हळदीत ठेवायचं असतं! इथे हळद हाय का? नाव काढ. आत्ताच्या आत्ता काढ!"

जागृतीने माईक तोंडाजवळ घेतला.

"काढते की, काका," ती म्हणाली. "अंक शुक्रवारी छापायला जाणार आहे. गुरुवारपर्यंत तुम्ही कुंपण काढा, मी नाव काढते."

मग तिने ओळीवर बोट ठेवलं आणि पुढे वाचायला लागली.